१९४१ चा आघाडीचा फलंदाज कोण: विल्यम्सचे .४०६, डिमॅजिओचे ५६ सामने आणि तक्ता वाचण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९४१ च्या अमेरिकन बेसबॉल हंगामात बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची सरासरी .४०६ होती आणि न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओची .३५७. तरीही सर्वोत्तम खेळाडूचा, म्हणजे एमव्हीपीचा, मान डिमॅजिओला मिळाला. मग त्या वर्षीचा आघाडीचा फलंदाज नक्की कोण? आणि क्रिकेटची सवय असलेल्या माणसाने हे जुने तक्ते वाचायचे कसे?

उत्तर आधी देतो. बॅटने केलेलं काम मोजायचं असेल तर पहिला विल्यम्स, आणि दुसरा बऱ्याच अंतरावर. डिमॅजिओला मिळालेला मान दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की तक्त्यातला बहुतेक गोंधळ सुटतो. त्यासाठी आकडेमोड मात्र स्वतः करून बघावी लागते. भागाकाराच्या पलीकडचं गणित फार लागत नाही.

गडबड ‘सरासरी’ या शब्दापासूनच सुरू होते. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये हिट भागिले ॲट-बॅट. मैदानावर चार बेस, म्हणजे ठिय्ये असतात; फलंदाज उभा राहतो ती प्लेट हा चौथा, आणि फेरी पुरी करून तिथे परतलं की एक धाव. हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाची चूक नसताना, निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोचणं. एका बेसचा सिंगल असो, दोनाचा डबल, तीनाचा ट्रिपल की चारही बेसचा होमरन, सरासरीच्या लेखी प्रत्येक एकच हिट. आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात आणि बोलताना दशांशचिन्ह गाळून ‘चारशे सहा’ म्हणतात; यातला एक म्हणजे सरासरीचा एक गुण.

ॲट-बॅटचं प्रकरण जरा नाजूक आहे. फलंदाज प्लेटवर आला की प्रत्येक वेळी ॲट-बॅट मोजला जात नाही. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, स्ट्राइक झोनबाहेर (मारण्याजोग्या चौकटीबाहेर) चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने त्यांवर बॅट फिरवली नाही की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. वॉक, अंगावर लागलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन बेसवरच्या सहकाऱ्याला पुढे सरकवायला चेंडू हळूच टेकवणं) हे तिन्ही ॲट-बॅटमधून वगळतात. उलट क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज बेसवर पोचला तर ॲट-बॅट धरला जातो आणि हिट दिला जात नाही. माणूस बेसवर उभा असतो आणि त्याची सरासरी मात्र घसरलेली असते. वॉक मिळाला तर सरासरी जागची हलत नाही, जरी संघाला त्याचा फायदा झालेला असतो. १९४१ च्या सगळ्या वादाचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

त्या वर्षी अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग, प्रत्येकी आठ संघ, प्रत्येक संघाचे १५४ सामने. अमेरिकन लीगमधल्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी .२६६ होती. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल. वैयक्तिक सरासरीचा क्रम असा लागला: विल्यम्स .४०६, वॉशिंग्टनचा सेसिल ट्रॅव्हिस .३५९, डिमॅजिओ .३५७, क्लीव्हलँडचा जेफ हीथ .३४०, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा डिक सीबर्ट .३३४. पहिल्या आणि दुसऱ्यात ४७ गुणांचं अंतर आहे, दुसऱ्या आणि पाचव्यात २५ चं.

फक्त ही यादी वाचली तर ट्रॅव्हिस डिमॅजिओच्या वर दिसतो. म्हणून मूळ रकाने उघडायचे.

विल्यम्स: १४३ सामने, ४५६ ॲट-बॅट, १८५ हिट, त्यात ३३ डबल, ३ ट्रिपल, ३७ होमरन, १४७ वॉक, २७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद).
डिमॅजिओ: १३९ सामने, ५४१ ॲट-बॅट, १९३ हिट, त्यात ४३ डबल, ११ ट्रिपल, ३० होमरन, ७६ वॉक, १३ स्ट्राइकआउट.
ट्रॅव्हिस: ६०८ ॲट-बॅट, २१८ हिट, त्यात ३९ डबल, १९ ट्रिपल, ७ होमरन, ५२ वॉक.
हीथ: ५८५ ॲट-बॅट, १९९ हिट, त्यात ३२ डबल, २० ट्रिपल, २४ होमरन.

ट्रॅव्हिसचे २१८ हिट दोन्ही लीगमध्ये मिळून सर्वाधिक होते. हीथने एकाच हंगामात वीसच्या वर डबल, वीस ट्रिपल आणि वीसच्या वर होमरन अशी तिहेरी कामगिरी केली. अमेरिकन लीगमध्ये त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं.

आता कागद घ्या. पहिली पायरी, एकूण बेस. सगळ्या हिटची संख्या लिहा, तीत डबलची संख्या एकदा, ट्रिपलची दोनदा आणि होमरनची तीनदा मिळवा. विल्यम्ससाठी १८५ + ३३ + ६ + १११ = ३३५. डिमॅजिओसाठी १९३ + ४३ + २२ + ९० = ३४८, आणि हा लीगमधला सर्वाधिक आकडा होता. एवढ्यावर थांबलं तर डिमॅजिओ पुढे दिसतो. या बेरजेला ॲट-बॅटने भागलं की स्लगिंग मिळतं: विल्यम्स .७३५, डिमॅजिओ .६४३, हीथ .५८६, ट्रॅव्हिस .५२०.

दुसरी पायरी, बेसवर पोचण्याचं प्रमाण. हिट, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज भागिले प्लेटवर आलेल्या एकूण वेळा. विल्यम्सला तीनदा चेंडू लागला होता, म्हणून १८५ + १४७ + ३ = ३३५ भागिले ६०६, म्हणजे .५५३. (एकूण बेसही ३३५ आणि बेसवर पोचलेल्या वेळाही ३३५, हा योगायोग आहे, गोंधळून जाऊ नका.) डिमॅजिओचं प्रमाण .४४०. विल्यम्स प्लेटवर आला तर तो बेसवर पोचण्याची शक्यता बाद होण्यापेक्षा जास्त होती, आणि तेही अख्ख्या हंगामात. बेसबॉलमध्ये याला दुसरा शब्द नाही, हे अफाट आहे.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि क्रिकेटच्या माणसाला ती चटकन समजते: बाद किती वेळा झाला? बेसबॉलच्या सामन्यात संघाकडे २७ बाद असतात. तेच त्याचं भांडवल. ॲट-बॅटमधून हिट वजा करा. विल्यम्स ४५६ − १८५ = २७१. डिमॅजिओ ५४१ − १९३ = ३४८. ट्रॅव्हिस ३९०. हीथ ३८६. एकूण बेसमध्ये डिमॅजिओ १३ ने पुढे होता खरा, पण त्यासाठी त्याने ७७ बाद जास्त खर्च केले. जवळजवळ तीन पूर्ण सामन्यांचे बाद.

आता एकूण बेसमध्ये वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू मिळवा आणि या बादांनी भागा. विल्यम्स ४८५ भागिले २७१, म्हणजे दर बादामागे १.७९ बेस. डिमॅजिओ ४२८ भागिले ३४८, म्हणजे १.२३. हीथ एकच्या जरासा वर, ट्रॅव्हिस ०.९५ च्या आसपास. म्हणजे डिमॅजिओ हा ट्रॅव्हिसच्या चांगलाच वर होता, सरासरीच्या यादीत मागे असूनही. आणि विल्यम्स डिमॅजिओच्या वर त्याहूनही जास्त अंतराने होता. या हिशेबात बेस चोरताना (फटक्याशिवायच पुढच्या बेसकडे धावताना) झालेले बाद आणि डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघं बाद) येत नाहीत, पण एवढी मोठी दरी त्यांनी भरून निघत नाही.

जाता जाता स्ट्राइकआउटचा रकाना बघा. विल्यम्सचे ३७ होमरन आणि २७ स्ट्राइकआउट, डिमॅजिओचे ३० होमरन आणि १३ स्ट्राइकआउट. होमरनपेक्षा स्ट्राइकआउट कमी असलेला ताकदीचा फलंदाज आज जवळपास दिसत नाही. इथे एकाच हंगामात, एकाच लीगमध्ये असे दोघं होते.

मग त्या काळच्या लोकांना हे का दिसलं नाही? कारण त्यांच्यासमोर मुख्यतः तीनच रकाने होते: सरासरी, होमरन आणि आरबीआय, म्हणजे फलंदाजाच्या फटक्यामुळे आलेल्या धावा. सरासरी आणि होमरन दोन्हीत विल्यम्स पहिला. आरबीआयमध्ये डिमॅजिओ १२५, हीथ १२३, यांकीजचा चार्ली केलर १२२ आणि विल्यम्स १२०. तो चौथा, अवघ्या पाचाने मागे. तेवढ्यासाठी तिन्ही रकाने जिंकण्याचा, म्हणजे ट्रिपल क्राउनचा, मान त्या वर्षी हुकला. पुढे १९४२ आणि १९४७ मध्ये त्याने तो मिळवला. बेसवर माणसं असताना पिचर त्याला मारण्याजोगा चेंडू द्यायला तयार नसत, आणि वाईट चेंडूला बॅट लावायला तो तयार नसे. म्हणून वॉक १४७ आणि आरबीआय १२०. संघाच्या गरजेला याने झोनबाहेरचे चेंडूही मारायला हवेत, अशी टीका त्याच्यावर वर्षानुवर्षं झाली. माझ्या मते ती चुकीची होती. वॉक घेतला की बाद खर्च होत नाही आणि पुढच्या फलंदाजासमोर एक माणूस जास्त उभा राहतो. विल्यम्सने त्या हंगामात १३५ धावा केल्या, लीगमध्ये सर्वाधिक. बेसवर पोचलेला माणूस धाव काढतोच.

वॉकचा रकाना झाकलेला असला की आणखी दोघं नजरेतून निसटतात. केलरची सरासरी .२९८, म्हणजे ‘तीनशेच्या आत’, पण ३३ होमरन आणि शंभरावर वॉक. सेंट लुइस ब्राउन्सचा रॉय कलनबाइन .३१७ वर होता, पण १२१ वॉक धरून त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण .४५० च्या वर जातं, म्हणजे डिमॅजिओपेक्षाही जास्त. सरासरीच्या यादीत या दोघांना कुणी आघाडीचे म्हणणार नाही.

आता डिमॅजिओची मालिका. १५ मे ते १६ जुलै, सलग ५६ सामन्यांत प्रत्येक सामन्यात निदान एक हिट. २२३ ॲट-बॅट, ९१ हिट, सरासरी .४०८, १५ होमरन, ५५ आरबीआय. जॉर्ज सिसलरचा १९२२ चा ४१ सामन्यांचा विक्रम २९ जूनला वॉशिंग्टनमध्ये मागे पडला, विली कीलरचा १८९७ चा ४४ सामन्यांचा २ जुलैला. या ५६ पैकी ३४ सामन्यांत त्याचा एकच हिट होता. म्हणजे मालिका ३४ वेळा एकेका हिटवर तगली. २६ जूनला ब्राउन्सविरुद्ध आठव्या डावापर्यंत (सामना नऊ डावांचा असतो) एकही हिट नव्हता. डबल प्ले होऊन डाव संपू नये आणि डिमॅजिओची पाळी यावी म्हणून त्याचा सहकारी टॉमी हेन्रिकने मुद्दाम बंट केला. मग डिमॅजिओने डबल मारला. १७ जूनला शिकागोविरुद्ध एक साधा चेंडू उसळून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ल्यूक ॲपलिंगच्या खांद्याला लागला आणि गुणलेखकाने हिट दिला. ती चूक धरली असती तर मालिका तिसाच्या आत संपली असती. असे निर्णय प्रत्येक मालिकेत असतात. त्यांनी तिचं मोल जात नाही, पण तिच्यात नशिबाचा वाटा किती असतो ते कळतं.

तो वाटा मोजता येतो. .३५७ च्या फलंदाजाला सामन्यात चार ॲट-बॅट मिळाले तर एकही हिट न मिळण्याची शक्यता .६४३ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के. निदान एक हिट मिळण्याची ८३ टक्के. ०.८३ ला स्वतःशी ५६ वेळा गुणा, उत्तर येतं साधारण छत्तीस हजारांत एक. ठरावीक ५६ सामने धरून हा हिशेब आहे. हंगामात मालिका सुरू करण्याच्या जागा अनेक असतात, म्हणून खरी शक्यता यापेक्षा थोडी बरी, तरीही नगण्यच.

आणि इथे एक उलटी गोष्ट सापडते. हाच हिशेब विल्यम्ससाठी करा. त्याची सरासरी .४०६, पण वॉकमुळे सामन्यामागे ॲट-बॅट फक्त ३.२ च्या आसपास. .५९४ चा ३.२ वा घात म्हणजे १९ टक्के. सामन्यात निदान एक हिट मिळण्याची शक्यता ८१ टक्के. डिमॅजिओचे हंगामभराचे सामन्यामागे ३.९ ॲट-बॅट धरले तर ती ८२ टक्के येते. सरासरी ४९ गुणांनी जास्त असलेला फलंदाज रोज एक हिट मिळवण्यात मागे! म्हणजे ५६ सामन्यांची मालिका ही ‘जो कमी वॉक घेतो आणि चांगलं मारतो’ त्याच्याच वाट्याला येण्यासारखी गोष्ट आहे. विल्यम्सची स्वतःची सलग २३ सामन्यांची मालिकाही त्याच १५ मे रोजी सुरू झाली होती. ती त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत लांब ठरली. डिमॅजिओची मालिका चालू होती त्या दोन महिन्यांत विल्यम्सची सरासरी .४१२ होती. त्याच्या ताकदीला शोभणारी मालिका पुढे १९४९ मध्ये दिसली: सलग ८४ सामन्यांत तो कसाही करून बेसवर पोचला.

१७ जुलैच्या रात्री क्लीव्हलँडला ६७,४६८ प्रेक्षकांसमोर मालिका थांबली. थर्ड बेसमन केन केल्टनरने रेषेलगत खोलवर उभं राहून दोनदा बॅकहँडने चेंडू अडवला आणि पहिल्या बेसवर फेकला, मध्ये एक वॉक मिळाला, आणि आठव्या डावात लू बूड्रोने जमिनीवरचा चेंडू उचलून डबल प्ले केला. पिचर अल स्मिथ आणि जिम बॅगबी धाकटा. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने आणखी १६ सामन्यांची मालिका केली. मालिकेचा नियम लक्षात ठेवा: सामन्यात सगळ्या वेळा वॉकच मिळाला तर मालिका तुटत नाही, पण एक जरी खरा ॲट-बॅट रिकामा गेला आणि हिट नसेल तर तुटते.

मतांकडे येऊ. अमेरिकन लीगच्या आठ शहरांतले २४ पत्रकार मत देत. पहिल्या क्रमांकाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, पुढे एकेक कमी. डिमॅजिओ २९१, विल्यम्स २५४, क्लीव्हलँडचा पिचर बॉब फेलर १७४. पहिल्या क्रमांकाची मतं १५, ८ आणि एक शिकागोच्या थॉर्नटन ली या पिचरला. पडताळून बघा: १५ गुणिले १४ म्हणजे २१०, उरलेले ८१ म्हणजे बरोबर नऊ वेळा ९. एकाही पत्रकाराने डिमॅजिओला दुसऱ्याच्या खाली ठेवलं नव्हतं. विल्यम्सचे ८ गुणिले १४ म्हणजे ११२, उरलेले १४२ गुण १६ मतपत्रिकांवर. सगळीकडे दुसरा असता तर १४४ झाले असते. म्हणजे तोही जवळजवळ सर्वत्र पहिल्या दोनांत होता. यात वैर शोधण्याची गरज नाही. यांकीजने १०१ सामने जिंकून लीग जिंकली, रेड सॉक्स ८४ विजयांसह १७ सामन्यांनी मागे दुसरे आले. डिमॅजिओची मालिका चालू असतानाच यांकीज आघाडीवर गेले आणि तो सेंटर फील्डला लीगमधला उत्तम क्षेत्ररक्षक होता. विल्यम्सचं क्षेत्ररक्षण साधारण. ‘संघाला सर्वांत मोलाचा कोण’ या प्रश्नाला त्या पत्रकारांनी दिलेलं उत्तर समजण्यासारखं आहे. मला ते पटत नाही, पण मूर्खपणाचंही वाटत नाही. १९४७ मध्ये विल्यम्स ट्रिपल क्राउन जिंकूनही डिमॅजिओकडून एका गुणाने हरला, २०२ विरुद्ध २०१. तो निकाल समर्थन करायला जास्त अवघड आहे.

आता शेवटचा दिवस, कारण त्यातली आकडेमोड बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगतात. २७ सप्टेंबरच्या सकाळी विल्यम्स ४४४ पैकी १७८, म्हणजे .४०१ वर होता. त्या दिवशी फिलाडेल्फियात चारपैकी एक हिट. झाले ४४८ पैकी १७९. भागाकार ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत लिहिलं तर .४००, आणि विक्रमाच्या पुस्तकात तेच छापलं गेलं असतं. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला दुसऱ्या दिवशीचे दोन्ही सामने न खेळण्याची मुभा दिली होती. तो खेळला. २८ सप्टेंबरला शाइब पार्कमध्ये दोन सामन्यांत मिळून आठ ॲट-बॅट झाले. त्यासाठी काय लागणार होतं? ४५६ ॲट-बॅटला .४०० राखायला १८३ हिट हवेत, म्हणजे आठपैकी चार. तीनच मिळाले असते तर .३९९, आणि तिथे शेवटचा अंक वर ओढून घेण्याचा आधारही उरत नाही. त्याने पहिल्या सामन्यात पाचपैकी चार मारले, त्यात एक होमरन. तिथेच १८३ पूर्ण झाले. दुसऱ्या सामन्यातले तिन्ही ॲट-बॅट रिकामे गेले असते तरी.४०१ राहिले असते. तिथेही त्याने तीनपैकी दोन मारले. १८५ भागिले ४५६, ०.४०५७, म्हणजे .४०६.

या आकड्याला आणखी एक बाजू आहे, सॅक्रिफाइस फ्लाय. तिसऱ्या बेसवर माणूस असताना फलंदाजाने आउटफिल्डमध्ये उंच झेल दिला आणि त्यावर धाव निघाली, तर आज तो ॲट-बॅट मोजत नाहीत. १९४० ते १९५३ या काळात मोजत असत. म्हणजे विल्यम्सचा असा प्रत्येक फटका त्याच्या सरासरीतून वजा झाला आहे. असा एक ॲट-बॅट काढला की त्याची सरासरी जवळजवळ एका गुणाने वाढते. उलट १९३० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने .४०१ केलं, तेव्हा नियम सर्वांत उदार होता: अशा झेलावर कुठल्याही बेसवरचा माणूस पुढे सरकला तरी ॲट-बॅट माफ. शिवाय त्या वर्षी अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. टेरी लीगच्या १.३२ पट, विल्यम्स .२६६ च्या १.५३ पट. दोन हंगामांची तुलना करायची तर हा भागाकार आधी करा, मग नावं घ्या.

दोन पुस्तकांत आकडे जुळत नाहीत तेव्हा घाबरू नका. जुन्या छपाईत विल्यम्सचे वॉक १४५ आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .५५१ मिळेल. नंतर गुणपत्रिका पुन्हा तपासून वॉक १४७ धरले गेले आणि .५५३ झालं. एका लेखातून वॉक आणि दुसऱ्यातून प्रमाण उचललं की हिशेब बसत नाही. सगळे रकाने एकाच ठिकाणचे घ्या.

पात्रतेचा नियमही बघावा लागतो. आज सरासरीच्या किताबासाठी संघाच्या दर सामन्यामागे ३.१ वेळा प्लेटवर यावं लागतं, १६२ सामन्यांना ५०२ वेळा. हा नियम १९५७ पासूनचा. १९५४ मध्ये विल्यम्स .३४५ वर होता, पण १३६ वॉकमुळे त्याचे ॲट-बॅट ३८६ च भरले आणि किताब .३४१ च्या बॉबी अविलाला गेला. वॉक घेतल्याची शिक्षा होत होती, म्हणून मोजणी ॲट-बॅटऐवजी प्लेटवर आलेल्या वेळांवर आणली.

मैदानांचा परिणाम थोडक्यात. यांकी स्टेडियममध्ये डाव्या-मध्य बाजूची भिंत ४५७ फुटांवर होती आणि डिमॅजिओ उजव्या हाताने मारणारा. त्याचे कितीतरी फटके तिथे झेल झाले असणार. डावखुऱ्या केलर आणि हेन्रिकला उजवीकडची जवळची भिंत सोयीची होती. ३३, ३१ आणि डिमॅजिओचे ३० मिळून तिन्ही आउटफिल्डर तिसाच्या घरात गेले, असं तोवर कुठल्याच संघाचं झालं नव्हतं. बोस्टनमध्ये १९४० साली उजवीकडे बुलपेन (राखीव पिचरांच्या सरावाची जागा) बांधून भिंत वीसेक फूट अलीकडे आली, त्याचा फायदा डावखुऱ्या विल्यम्सला झाला. हे धरूनही क्रम बदलत नाही, अंतर थोडं कमी होतं.

नॅशनल लीगकडे वळलं की सरासरी किती फसवते ते आणखी स्वच्छ दिसतं. किताब ब्रुकलिन डॉजर्सच्या २२ वर्षांच्या पीट रायझरला, .३४३. तोवरचा सर्वांत तरुण नॅशनल लीग विजेता. ५३६ ॲट-बॅट, १८४ हिट, ३९ डबल, १७ ट्रिपल, १४ होमरन, ११७ धावा आणि .५५८ स्लगिंग. इथे सरासरीचा विजेता खरोखरच उत्तम फलंदाज होता. पण दुसरा क्रमांक बघा: बोस्टन ब्रेव्ह्जचा चाळीस वर्षांचा जॉनी कूनी, .३१९, एकही होमरन नाही. त्याच लीगमध्ये डॉजर्सचा डॉल्फ कॅमिली .२८५ वर यादीत कुठेतरी खाली, पण ३४ होमरन आणि १२० आरबीआय, दोन्हींत पहिला, आणि एमव्हीपी. कूनीचं कौतुक त्याच्या वयासाठी जरूर करा, पण सरासरीच्या क्रमावरून त्याला कॅमिलीपेक्षा वरचा फलंदाज म्हणू नका. सेंट लुइस कार्डिनल्सकडून १७ सप्टेंबरला पहिला सामना खेळलेल्या स्टॅन म्यूझियलने १२ सामन्यांत ४७ पैकी २० हिट मारले, .४२६. विल्यम्सच्या वर! पात्रतेचा नियम न लावता यादी काढली की अशी नावं माथ्यावर येतात.

ट्रॅव्हिसबद्दल सांगितल्याशिवाय या हंगामाचं उत्तर पुरं होत नाही. शॉर्टस्टॉप असून २१८ हिट आणि १०१ आरबीआय, वय २८. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला, १९४४-४५ च्या हिवाळ्यात बल्जच्या लढाईत त्याचे पाय हिमदंशाने दुखावले, आणि परतल्यावर तो पूर्वीसारखा फलंदाज राहिला नाही. १९४७ मध्ये खेळ थांबला; कारकिर्दीची सरासरी .३१४. रायझरचीही तीन वर्षं सैन्यात गेली, विल्यम्स आणि डिमॅजिओचीही १९४३ ते १९४५. म्हणून १९४१ चा तक्ता युद्धाच्या अलीकडच्या टोकाचा, शेवटचा तक्ता आहे. पुढची काही वर्षं त्याच्याशी तुलना करताना समोरचे पिचर आणि फलंदाज दोन्ही बदललेले असतात.

‘.४०० करणारा शेवटचा फलंदाज’ हे वाक्य लिहिताना जपावं लागतं. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये १९४१ नंतर ते कुणाला जमलं नाही. जवळ आले ते १९९४ चा टोनी ग्विन, .३९४, तोही संपामुळे अर्धवट राहिलेल्या हंगामात. १९८० चा जॉर्ज ब्रेट,.३९०, १९७७ चा रॉड कॅरू,.३८८, आणि १९५७ चा स्वतः विल्यम्स,.३८८. पण १९४१ मध्ये या दोन्ही लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला. मेजर लीग बेसबॉलने २०२४ मध्ये नीग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे अधिकृत नोंदींत घेतले, आणि आता एका हंगामाच्या सरासरीचा विक्रम होमस्टेड ग्रेजच्या जॉश गिब्सनचा आहे: १९४३, .४६६. तिथले हंगाम लहान होते, कारण वगळलेल्या खेळाडूंच्या वाट्याला तेवढेच सामने येत. म्हणून विल्यम्सबद्दल लिहिताना ‘अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये’ हे शब्द दर वेळी जोडा.